तुमच्या भागात कोणता सुतारपक्षी दिसतो? (आणि आमच्या वाळक्या गुलमोहराबद्दल)

सावरी | ११ एप्रिल, सकाळी ७:५०

मंडळी, नमस्कार. आमची कॉलनी गोरेगाव पूर्वेला, आरेच्या अंगाला. पंपाच्या खोलीमागचा गुलमोहर दोन पावसाळ्यांपूर्वी वाळला. बारीक फांद्या गळून गेल्या, आता बुंधा आणि दोन जाड फाटे तेवढे उभे आहेत. फेब्रुवारी संपता संपता त्यावर सुतारपक्ष्याची जोडी कामाला लागली. सोनेरी पाठ, लाल तुरा, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा चेहरा. माझी स्वयंपाकघराची खिडकी दुसऱ्या मजल्यावर, भोकाच्या अगदी समोर. मध्ये फार तर वीस हातांचं अंतर.

महिनाभर पंपाच्या खोलीच्या स्लॅबवर रोज सकाळी ढलप्यांचा सडा पडायचा. भुसा नव्हे, नखाएवढ्या, काही तर करंगळीच्या पेराएवढ्या ढलप्या. गेल्या आठवड्यापासून ठोकणं थांबलं. आता एक पक्षी आत असतो. दुसरा येतो, भोकाच्या कडेला चिकटून थांबतो, आतला बाहेर पडतो की हा लगेच आत. म्हणजे अंडी असणार.

अडचण अशी की सोसायटीची नोटीस लागली आहे. पावसाळ्याआधीच्या छाटणीत हे झाड बुंध्यापासून काढायचं ठरलंय. एक फाटा पार्किंगवर झुकलेला आहे, त्यामुळे लोकांची भीती खोटी नाही. कमिटीची बैठक १९ तारखेला आहे, आणि तिथे मला नुसतं "पक्षी छान दिसतात" एवढं सांगून बसायचं नाही. जाणकारांनी मदत करावी.

आणखी एक. माझं माहेर सोलापूरकडचं. तिथे बाभळीवर लहानसा, अंगभर ठिपके असलेला सुतार दिसायचा. तो याचंच पिल्लू असेल असं मी आजवर समजत होते. तुमच्याकडे कोणते दिसतात तेही लिहा.

येऊरवाला | ११ एप्रिल, सकाळी ९:१५

सावरीताई, तुमच्या गुलमोहरावरचा सोनपाठी सुतार. खात्री करायची तर दोन जागा बघा. गळा काळा आणि त्यावर बारीक पांढरे ठिपके, आणि पाठीचा खालचा भाग, शेपटीच्या लगेच वरचा, तोही काळा. सोनेरी पाठीचे इतर सुतार आपल्याकडे आहेत, पण त्यांचा गळा असा नसतो.

नर-मादीही खिडकीतून ओळखता येतील. नराचं डोकं कपाळापासून मागपर्यंत लाल. मादीचं कपाळ काळं, त्यावर पांढऱ्या टिकल्या, आणि लाल फक्त मागचा तुरा. दोघंही आळीपाळीने अंडी उबवतात. वही ठेवा आणि वेळा लिहा. अंडी साधारण ११ दिवसांत फुटतात आणि पिल्लं आणखी २० दिवसांनी बाहेर पडतात. म्हणजे मे महिन्याचा पहिला-दुसरा आठवडा. कमिटीला हीच तारीख सांगा. "कधीतरी तोडू नका" म्हणण्यापेक्षा "अमुक दिवसापर्यंत थांबा" म्हटलं की माणसं ऐकतात.

सोलापूरचा तुमचा पक्षी मात्र पिल्लू नाही, ती वेगळीच जात. जेमतेम १८ सेंटीमीटर, कपाळ पिवळसर, पोटावर लाल डाग, पाठ काळी-पांढरी ठिपक्यांची. तिचं शास्त्रीय नाव 'लिओपिकस मराठेन्सिस', आणि जुने इंग्रज तिला 'मराठा सुतार' म्हणायचे. १८०१ साली जॉन लेथमने हे नाव दिलं. मराठी मुलखाचं नाव घेऊन फिरणारा पक्षी आहे हा! उघडं माळरान, बाभूळ, बोर, लिंब, अशी विरळ झाडी त्याला लागते. मुंबईच्या दाट ओलसर झाडीत तो शोधण्यात अर्थ नाही, देशावर जा.

चिऊताई_दादर | ११ एप्रिल, सकाळी ११:०२

आमच्याकडे दादरला सुतारपक्षी भरपूर. सकाळपासून टुक टुक टुक चालू असतं. हिरवा, लहान, कपाळावर लाल टिळा.

येऊरवाला | ११ एप्रिल, सकाळी ११:३०

चिऊताई, तो तांबट. वाळक्या फांदीत भोक तोही करतो, म्हणून गल्लत होते. पण तुम्ही ऐकता तो त्याच्या गळ्यातला आवाज आहे, चोच लाकडावर आपटल्याचा नव्हे. हुदहुदलाही बरेच लोक तुऱ्यामुळे सुतार म्हणतात. तो जमिनीवर, गवतात चोच खुपसत फिरतो.

पटाशी | ११ एप्रिल, रात्री १०:२०

मी लालबागला ४१ वर्षं सुतारकाम केलं. पक्ष्यांतलं कळत नाही, लाकडातलं कळतं, म्हणून लिहितो.

सावरीताईंनी भुसा नव्हे, ढलप्या लिहिलं ते मला महत्त्वाचं वाटलं. लाकूड पार कुजलेलं असेल तर त्याची ढलपी निघत नाही, चुरा होतो. आणि ठणठणीत असेल तर एवढ्याशा चोचीने महिनाभरात हातभर खोल पोकळी होणार नाही. म्हणजे या झाडाची वरची दोन-तीन बोटं जाडीची साल-काठ अजून घट्ट आहे आणि गाभा भुसभुशीत झालेला आहे. आम्ही जुना वासा घेताना हातोडीच्या दांड्याने वाजवून बघतो. भरीव कुठे वाजतो, बद्द कुठे वाजतो, तेवढ्यावर कळतं वासा कुठे टिकेल. पक्षी तेच करतो असं मला खिडकीतून बघताना नेहमी वाटायचं. दोन ठोके इथे, दोन तिथे, मग थांबून मान तिरकी.

गुलमोहर हे लाकूड म्हणून हलकं. आम्ही कधी फर्निचरला घेतलं नाही. पण त्यांना असंच पाहिजे: बाहेरून पेटी, आतून कापूस. असं लाकूड मेलेल्या झाडातच मिळतं, तेही झाड उभं असेल तरच. आडवं पडलं की जमिनीचा ओलावा आणि वाळवी वर्षभरात खातात.

तोडायचंच तर पार्किंगवरचा फाटा काढा. बुंधा ठेवा. वजन गेलं की बुंधा सहज पाच-सहा वर्षं उभा राहील. भोक बुंध्यात आहे की फाट्यात?

सावरी | ११ एप्रिल, रात्री १०:४१

काका, बुंध्यात! फाट्यांच्या बेचक्याखाली दोन-अडीच हातांवर. तुमचा प्रतिसाद बैठकीत जसाच्या तसा वाचून दाखवते.

वाडीवाली | १२ एप्रिल, दुपारी २:१०

आमची वाडी अलिबागजवळ, नारळ-सुपारीची. आमच्याकडे सोनपाठी सुतार माडावर. शेंडा गेलेला माड म्हणजे त्याचं हक्काचं घर. एकाच खांबासारख्या माडात एकाखाली एक पाच भोकं मोजली आहेत मी. सर्वांत वरच्यात साळुंक्या, मधल्यात पोपट, आणि सर्वांत खालचं नवीन, तिथे सुतार.

सासरे त्याला दगड मारायचे. सुतार माड खातो, अशी समजूत. मीही काही वर्षं तसंच मानलं. मग एकदा वादळात पडलेला माड चिरला तर आत सोंड्या भुंग्याच्या अळ्या वळवळत होत्या, अंगठ्याएवढ्या. सुताराची भोकं बरोबर तिथेच होती जिथे अळ्यांनी पोखरलं होतं. माड आधीच गेलेला होता, पक्षी फक्त अळ्यांच्या मागे आला होता. तेव्हापासून शेंडा गेलेला माड मी लगेच काढत नाही, वाटेच्या कडेचा असेल तरच. गेंडा भुंगा मात्र कुजलेल्या खोडात अंडी घालतो, त्यामुळे पडलेलं खोड आवारात ठेवू नये. आडवं झालं की जाळावं. उभं आणि वाळकं असेल तर ठेवावं.

देवदार | १२ एप्रिल, संध्याकाळी ६:३५

राहायला बोरिवलीला, पण गेली १२ वर्षं दर मार्चमध्ये उत्तराखंडात जातो. सुतारपक्ष्यांचं वैविध्य एकाच रस्त्याने बघायचं असेल तर हा रस्ता बघावा.

खाली तराईत, कॉर्बेटच्या सालवनात, भला मोठा राखाडी सुतार आहे. अर्धा मीटर लांब, आज जगात निश्चित अस्तित्वात असलेल्या सुतारांत सर्वांत मोठा. चार-पाच जणांच्या टोळीने फिरतात, एका सालाच्या शेंड्यावरून दुसऱ्याच्या शेंड्यावर, एकमेकांना हाका मारत. त्यांना म्हातारे, जाडजूड सालवृक्ष लागतात. जंगल राहिलं आणि फक्त जुनी झाडं काढून नेली, तरी हा पक्षी जातो.

तिथून सातताल, भीमतालकडे चढा. बांज आणि चीड (तिकडचे ओक आणि पाइन) सुरू झाले की तपकिरी कपाळाचा, करड्या डोक्याचा, पिवळ्या मानेचे दोन, असे बदलत जातात. तिथेच तांबूस पोटाचा एक सुतार आहे जो झाडाच्या सालीत ओळीने बारीक भोकं पाडतो आणि पाझरणारा रस पितो. मी एका बांजावर अशा भोकांच्या ओळी बोटाने मोजत बसलो होतो, एका हाताच्या रुंदीत ९ ओळी. आणखी वर देवदारात हिमालयी सुतार. एका दिवसाच्या मोटारप्रवासात झाड बदललं की सुतार बदलतो.

ईशान्येकडे तर बांबूचा सुतारही आहे, फिक्या डोक्याचा. मोठ्या झाडांपेक्षा बांबूच्या बेटात जास्त. पोकळ कांड्यावरचा त्याचा ठोका दुरून कळतो.

येऊरवाला | १२ एप्रिल, रात्री ९:००

देवदार, सुंदर लिहिलंत. पण मुंबईकरांनी उत्तराखंडात जायच्या आधी आपलं राष्ट्रीय उद्यान बघावं. १०३ चौरस किलोमीटर जंगल शहराच्या मधोमध आहे आणि त्यात सुतारांच्या निदान सहा-सात जाती भेटतात.

शिलोंड्याच्या वाटेवर सर्वांत सहज दिसतो तो सोनपाठी. चिमणीपेक्षाही लहान असा तपकिरी डोक्याचा पिटुकला सुतार बारीक, वाळक्या डहाळ्यांवर असतो. मोठा सुतार जिथे टेकूच शकत नाही तिथे हा काम करतो. हृदयाच्या आकाराचे काळे ठिपके पंखांवर मिरवणारा सुतार त्याहून थोडाच मोठा, तुरा मात्र डोक्याला जड व्हावा एवढा, आणि शेपूट आखूड. तो पानांच्या गर्दीत, फांदीच्या टोकाशी असतो. पांढऱ्या मानेचा सुतार मात्र नशिबाने दिसतो, आणि दिसला की तो दिवस लक्षात राहतो.

मला सर्वांत आवडतो तो तांबूस सुतार. अंगभर विटकरी रंग, त्यावर काळ्या आडव्या रेघा, तुरा जवळजवळ नाहीच. हा लाकडावर फारसा अवलंबून नाही, मुंग्यांवर आहे. झाडावर काळपट, खवल्या-खवल्यांचं, फुटबॉलएवढं मुंग्यांचं घर असतं ना, पॅगोडा मुंग्यांचं, ते फोडून तो मुंग्या खातो. आणि त्याच जिवंत, वळवळत्या घराच्या आत पोकळी करून अंडी घालतो. येऊरला एका ऐनाच्या झाडावर असं घर होतं. पक्षी आत शिरला की मुंग्यांची काळी साय भोकाभोवती पसरायची, आणि तो बाहेर निघताना जराही घाई करत नसे.

हिवाळ्यात मानमोडीही येते. तीही याच कुळातली, पण ती लाकूड फोडत नाही, शेपटीवर टेकू देत नाही. जमिनीवर मुंग्या खाते आणि पकडली तर सापासारखी मान पिळते.

किनारा | १३ एप्रिल, सकाळी ८:४५

मूळची पार्ल्याची, आता कॅलिफोर्नियात. आमच्याकडचा सुतार ओकची फळं साठवतो. एका झाडाच्या सालीत हजारो भोकं, प्रत्येकात एक फळ ठोकून बसवलेलं. सगळं कुटुंब मिळून पिढ्यान्‌पिढ्या तेच झाड वापरतं. मोठ्या झाडात ५०,००० पर्यंत भोकं असतात. फळ सुकून बारीक झालं की ढिलं पडतं, मग काढून लहान भोकात बसवतात. हे काम मी खुर्ची टाकून तासभर बघितलंय. एक पक्षी तेच फळ तीन भोकांत लावून बघत होता.

दूरदेशी | १३ एप्रिल, सकाळी १०:१०

मेलबर्नला येऊन नऊ वर्षं झाली. इथे पोपटांची रेलचेल आहे, मग सुतारपक्षी एकही का नाही? लेकीच्या चित्रांच्या पुस्तकात तो आहे आणि ती रोज खिडकीतून शोधते.

निवृत्त_मास्तर | १३ एप्रिल, दुपारी ४:३०

दूरदेशी, ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी, न्यूझीलंड आणि मादागास्कर इथे सुतारकुळातला एकही पक्षी पोचला नाही. पूर्वेला त्यांची मजल सुलावेसी बेटापर्यंत. पुढचा समुद्र खोल आहे. हिमयुगात पाणी उतरलं तेव्हाही तिथे जमिनीचा पूल झाला नाही, आणि सुतार हे लांब समुद्र ओलांडणारे पक्षी नव्हेत.

पण लाकडातल्या अळ्या तर तिथेही आहेत. मादागास्करमध्ये ते काम आय-आय नावाचा प्राणी करतो. आपल्या वानरकुळाचा लांबचा नातेवाईक, मांजराएवढा. तारेसारख्या बारीक मधल्या बोटाने फांदी वाजवतो, मोठ्या कानांनी पोकळी ऐकतो, दातांनी भोक पाडून त्याच बोटाने अळी ओढतो. पटाशीकाकांनी वासा वाजवायचं सांगितलं, तेच. तुमच्या लेकीला हे जरूर सांगा.

उलट जिथे झाडंच नाहीत तिथेही सुतार आहेत. दक्षिण आफ्रिकेतला भूसुतार उघड्या डोंगरउतारावर राहतो, मातीच्या दरडीत बीळ करतो आणि मुंग्यांवर जगतो. अँडीज पर्वतातही असाच एक आहे. अंदमानात मात्र फक्त तिथेच सापडणारा काळा, लाल तुऱ्याचा सुतार आहे. त्याचा जवळचा भाईबंद, पांढऱ्या पोटाचा मोठा काळा सुतार, आपल्या सह्याद्रीत. दांडेलीला मी त्याचा ठोका ऐकला तेव्हा कुणी कुऱ्हाड चालवतंय असं वाटून मी वनरक्षकाला हाक मारली होती.

जगात सुमारे २३० जाती, भारतात ३० हून अधिक. या सगळ्यांत सर्वांत आधी कोण जातं, तर सर्वांत मोठे. मेक्सिकोचा सम्राट सुतार जवळपास ६० सेंटीमीटरचा होता. त्याची शेवटची खात्रीची नोंद १९५६ ची. अमेरिकेतल्या हस्तिदंती चोचीच्या सुताराचं सर्वांना मान्य असलेलं शेवटचं दर्शन १९४४ चं, लुईझियानातल्या ज्या जुन्या अरण्यात झालं तेच तेव्हा तोडलं जात होतं. जाड, जुनं, मरणपंथाला लागलेलं झाड ही त्यांची गरज होती आणि माणसाच्या हिशोबात तेच झाड आधी निकामी ठरलं.

चिऊताई_दादर | १३ एप्रिल, संध्याकाळी ५:०५

सर, यांचं डोकं दुखत नाही का? कवटीत स्पंज असतो असं वाचलंय.

निवृत्त_मास्तर | १३ एप्रिल, संध्याकाळी ७:२०

मीही वर्गात तीस वर्षं तेच शिकवलं. २०२२ साली संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने ठोके टिपून मोजले, आणि कवटी धक्का शोषत नाही असं दिसलं. ती ताठ हातोड्यासारखी वागते. शोषली असती तर ठोक्याची ताकदच वाया गेली असती. मेंदू वाचतो तो लहान असल्यामुळे. एवढ्याशा मेंदूला तेवढ्या धक्क्याने इजा पोचत नाही. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणी वाचत असेल तर कृपया वहीत दुरुस्ती करावी.

जिभेची हाडं मात्र खरोखर कवटीला मागून वळसा घालून कपाळापर्यंत येतात. ते बरोबरच शिकवलं होतं.

सावरी | १९ एप्रिल, रात्री ११:१५

आत्ताच बैठक आटोपली. पटाशीकाकांचा प्रतिसाद वाचला, वहीतल्या वेळा दाखवल्या. एका सभासदांनी विचारलं की मेलेल्या झाडाला परवानगी कशाला. १९७५ च्या राज्याच्या वृक्ष कायद्याप्रमाणे वाळकं झाडही परवानगीशिवाय काढता येत नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने अंडी-पिल्लं असलेल्या घरट्याला हात लावता येत नाही, हे शांतपणे सांगितलं. तळमजल्यावरच्या आजींची गाडी त्या फाट्याखाली उभी असते. त्या म्हणाल्या, महिनाभर मी गाडी दुसरीकडे लावते. त्यानंतर कुणी फार बोललं नाही.

ठरलं असं: मे अखेरीला दोन्ही फाटे उतरवायचे, बुंधा ठेवायचा. बेचक्यावर पाणी साचू नये म्हणून पत्र्याची टोपी.

आणि १७ तारखेपासून भोकातून आवाज येतोय. चिवचिव नाही. तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा, सलग.

पटाशी | २० एप्रिल, सकाळी ६:५५

पत्रा बुंध्यावर खिळ्याने ठोकू नका, वरचं लाकूड फाटेल. कडा खाली वाकवून तारेने आवळा. हवं तर मी येऊन लावून देतो.

सावरी | ८ मे, सकाळी ८:३०

आज सकाळी ६:४० ला पहिलं पिल्लू बाहेर. दोन दिवस डोकं भोकातून बाहेर काढून बसलेलं होतं. डोळे गडद, तुरा विस्कटलेला, चोच आईपेक्षा आखूड. आज मादी मुंग्या घेऊन आली आणि भोकाजवळ न येता समोरच्या नारळावर बसून हाका मारत राहिली. पिल्लू कमरेपर्यंत बाहेर आलं, परत आत गेलं, असं चार वेळा. पाचव्यांदा उडालं. नारळाला नीट पकडताच आलं नाही, हातभर घसरलं, मग शेपटीचा टेकू लागला आणि स्थिरावलं. मी गॅसवर दूध ठेवलं होतं ते सगळं उतू गेलं.

दुसरं अजून आत आहे.

वाडीवाली | ८ मे, सकाळी ९:१०

ताई, वाचताना अंगावर काटा आला. आता ते भोक रिकामं राहणार नाही बघा.

सावरी | २ जून, सकाळी ७:२०

दुसरं पिल्लू १० मेला गेलं. ३० मेला फाटे उतरवले, काका स्वतः लालबागहून आले आणि पत्र्याची टोपी बसवून गेले. खालून बघितलं तर बुंध्याचा काठ खरंच दोन बोटं जाड आणि घट्ट आहे, आत पिवळट कापसासारखं.

वाडीवालीताई, तुमचं खरं झालं. कालपासून दयाळाची मादी चोचीत गवताच्या काड्या घेऊन त्याच भोकात ये-जा करते आहे. नर पत्र्याच्या टोपीवर बसून गातो.

येऊरवाला | २ जून, सकाळी ८:०५

शनिवारी बघायला येऊ का? पावसाआधी.

सावरी | २ जून, सकाळी ८:१२

या ना. सात वाजता या, पंपाच्या खोलीच्या मागच्या बाजूने. चिऊताई, तुम्हीही. तुमचा तांबटही समोरच्या पिंपळावर आहे.